आडनावाविना ओळख

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या समाजात ओळख करून घेण्याची एक ठरीव रीत आहे. इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव. दोन अपरिचित मराठी माणसे लग्नकार्यात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात शेजारी बसली, की आडनाव, मूळ गाव, ‘अमक्यांचे आपण कोण?’ आणि ‘सध्या कुठे असता?’ या चार पायऱ्या पाच मिनिटांत ओलांडल्या जातात. बहुधा एखादे दूरचे नातेही निघते आणि चहा अधिक गोड लागतो. या रीतीत जिव्हाळा आहे. परक्या मुलखात आपण एकमेकांना धरून राहिलो, त्यात या चार प्रश्नांचा वाटा लहान नाही. तथापि तिची दुसरी बाजूही आपण जाणतो. आडनावावरून जात, गावावरून घराणे आणि नोकरीवरून ऐपत ताडली जाते. समोरचा माणूस स्वतःविषयी काही बोलण्यापूर्वीच त्याच्याविषयीचा आपला ग्रह पक्का झालेला असतो.

याच घरांतील मुले आज रोज संध्याकाळी अशा एका जगात वावरतात, की जेथे या चारांपैकी एकही प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. ते जग ऑनलाइन खेळांचे. तेथे खेळाडूंची मंडळे असतात, त्यांचे नियम असतात, जुनेजाणते असतात; आणि नव्याने येणाऱ्याला तेथेही आपली ओळख करून द्यावीच लागते. ती कशी द्यावी, तीत काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, हे मुलाला सांगणारे मात्र घरात सहसा कोणी नसते. मोबाइल किती वेळ हातात होता याचा हिशेब आपण रोज घेतो. तेथे तो कोण म्हणून वावरतो, हे विचारीत नाही.

धारण केलेले नाव

या जगाचा उगम फार जुना नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा एक खेळ रचण्यास आरंभ केला आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्रे नव्हती, आवाज नव्हता. संगणकाच्या पडद्यावर उमटणारी वाक्ये एवढेच त्याचे भांडवल. पण अनेक माणसे आपापल्या जागी बसून एकाच वेळी त्या कल्पित प्रदेशात शिरू शकत. शिरताना एक नाव घ्यावे लागे, आणि इतरांना तेवढेच नाव दिसे. पुढे खेळांत रंग आले, ध्वनी आला, ते खिशातल्या मोबाइलवर आले. दारात नाव धारण करण्याची ती प्रथा मात्र टिकून राहिली.

घेतलेल्या नावाची ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. नवसारीला १८८५ साली जन्मलेल्या राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ होऊन लिहिल्या आणि विनोद ‘बाळकराम’ या नावाने केला. बडोद्यास १८९४ साली जन्मलेले माधव पटवर्धन ‘माधव ज्यूलियन’ म्हणून वाचकांपुढे आले. ही नावे तोंड लपविण्यासाठी घेतलेली नव्हती. त्या नावाखाली जे लिहिले गेले, त्यानेच त्या नावाला वजन आले. खेळातील नावाचेही तसेच आहे. ते घेण्यास क्षण पुरतो. त्याला पत येण्यास दिवस लागतात. वेळेवर येणे, हरल्यावर न चिडणे, अडलेल्या सोबत्याला टाकून न पळणे यांनीच ती पत जमते.

आपण कोणत्या रंगाचे?

मग आडनाव आणि गाव वगळल्यावर सांगायचे तरी काय? याचे एक उत्तर बार्टल यांच्याच लेखनात सापडते. त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात खेळाडूंचे चार वर्ग पाडले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची उपमा दिली. काहींना गुण, संपत्ती आणि पदे मिळवायची असतात, ते चौकट. काहींना त्या जगाचे कानेकोपरे धुंडाळायचे असतात. ते इस्पिक, कारण इंग्रजीत या रंगाच्या नावाचा दुसरा अर्थ कुदळ असा होतो. काही जण माणसांशी बोलायला येतात, ते बदाम. आणि ज्यांना दुसऱ्यावर कुरघोडी केल्यावाचून चैन पडत नाही, ते किलवर. वर्गातील पन्नास मुलांकडे पाहिले, तरी हे चारही रंग शिक्षकाला लगेच ओळखू येतील.

चांगली ओळख म्हणजे आपण यांपैकी कोण, हे प्रामाणिकपणे सांगणे. नमुन्यादाखल पुढील मजकूर पाहावा :

‘नमस्कार. माझे येथील नाव रानपाखरू. हा खेळ सुरू करून मला सहा महिने झाले. पुढे धावण्यापेक्षा मागे राहून सोबत्यांना सावरणे मला अधिक आवडते. मराठी, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी येते. शनिवार-रविवारी संध्याकाळी तासभर मोकळा वेळ असतो. नकाशा अजून नीट कळत नाही. कोणी समजावून दिल्यास आनंद होईल.’

सहा-सात वाक्ये, पण मंडळाला जे हवे ते सारे त्यांत आले. अनुभव किती, काम कोणते, भाषा कोणती, वेळ कोणती आणि उणीव काय. उणीव सांगितल्याने माणूस लहान होत नाही. उलट शिकविणारा पुढे येतो. बढाई, पहिल्याच दिवशी भेटवस्तूंची याचना आणि मंडळाचे नियम न वाचता विचारलेले प्रश्न, ही नवख्याची तीन लक्षणे सर्वत्र सारखीच खटकतात.

वरील मजकुरात आणखी एक गोष्ट आहे. लिहिणारा मुलगा की मुलगी, याचा पत्ता त्यात लागत नाही. इंग्रजीत हे सहज साधते. मराठीत ‘खेळतो’ किंवा ‘खेळते’ म्हटले की क्रियापदच गुपित फोडते. म्हणून वाक्ये जाणीवपूर्वक ‘मला आवडते’, ‘मला येते’ अशी रचली आहेत. मुलीचा आवाज ऐकू येताच काही खेळाडूंच्या बोलण्याचा सूर बदलतो, आणि त्यामुळे अनेक मुली माइक बंदच ठेवतात, हे आपल्या घरातील लेकींनाच विचारून पाहावे. आपले व्याकरण त्यांच्या रक्षणास उपयोगी पडत असेल, तर तेही व्याकरणाचेच काम आहे.

इबेलिन

कोणी म्हणेल, की अशी ओळख ही खरी ओळखच नव्हे. याला उत्तर म्हणून नॉर्वेतील मात्स स्टीन या तरुणाची हकीकत सांगतो. १९८९ साली जन्मलेल्या मात्सला स्नायू हळूहळू निकामी करणारा डुशेन नावाचा आजार होता. बालपणीच तो चाकाच्या खुर्चीला खिळला. पुढे हाताची बोटे तेवढी हलत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात तो तासन्‌तास रमलेला असे, आणि आपला मुलगा मित्रांवाचून एकाकी आयुष्य कंठतो आहे, हे दुःख आईवडिलांना जाळीत असे. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला.

मात्सने इंटरनेटवर एक अनुदिनी लिहिली होती आणि तिचा संकेतशब्द वडिलांपाशी ठेवला होता. तिच्यावर वडिलांनी मृत्यूची वार्ता दिली. त्यानंतर युरोपातील निरनिराळ्या देशांतून पत्रांमागून पत्रे येऊ लागली. ती लिहिणारे मात्सला ‘इबेलिन’ म्हणून ओळखत होते. ‘स्टारलाइट’ नावाच्या खेळाडूंच्या मंडळाचा तो अनेक वर्षांचा सभासद होता. चाकाच्या खुर्चीतला मात्स तेथे धावत असे, तलवार चालवीत असे; पण पत्रांत पराक्रमाच्या गोष्टी नव्हत्या. नेदरलँड्समधील एका मुलीचा खेळ आईवडिलांनी बंद केला, तेव्हा ती खचली आहे हे ओळखून त्याने त्यांना समजुतीचे पत्र लिहिले होते. एका आईला, दुरावलेल्या मुलाशी खेळाच्या द्वारे पुन्हा बोलते होण्याची वाट त्याने दाखविली होती. मंडळातील काही जण परदेशांतून ओस्लोला त्याच्या अंत्यविधीस आले. ही हकीकत २०१९ साली वृत्तपत्रीय लेखांतून जगापुढे आली, आणि बेंजामिन री यांनी तिच्यावर केलेला माहितीपट २०२४ साली प्रदर्शित झाला.

आपल्या आजाराविषयी मात्सने मंडळाला कित्येक वर्षे कळू दिले नव्हते. अखेरच्या काळात त्याने ते सांगितले. कोणी फसविल्याचा आरोप केला नाही. त्यांना जे नाते हवे होते, ते इबेलिनच्या वागण्यातून आधीच मिळाले होते. देहाची, घराण्याची, दयेची अशी कोणतीच पाटी गळ्यात न अडकवता लोकांसमोर येण्याची मुभा त्याला एकाच ठिकाणी मिळाली, आणि ते ठिकाण त्याच्या घरच्यांना वाया गेलेला वेळ वाटत होते.

मुभा आणि कुंपण

परंतु वाचकहो, जो पडदा मात्सला मोकळे करतो, तोच एखाद्या दुर्जनालाही झाकतो. बारा वर्षांचा म्हणवणारा सोबती चाळीस वर्षांचा असू शकतो. म्हणून काही गोष्टी ओळखीत येऊच नयेत : पूर्ण नाव, शाळा, घराचा भाग, फोन क्रमांक, छायाचित्र. मुले नावापुढे जन्मसाल जोडतात. त्यावरून वय उघडे पडते. शाळेच्या गणवेशातील चित्र लावतात. त्यावरून गाव कळते. फोनवर येणारा ओटीपी मागणारा तर मित्र असूच शकत नाही. खेळाडूंची मंडळे जेथे बहुधा भरतात, त्या ‘डिस्कॉर्ड’वर तेरा वर्षांखालील मुलांना खाते उघडण्याची परवानगी नाही, ती अट खोटे वय सांगून ओलांडली जात असेल, तर ओळखीची सुरुवातच असत्याने होते. आणि कोणी पैसे लावून खेळण्यास बोलावले, तर तेथून तत्काळ निघावे. अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

नाव राखून ठेवणे आणि खोटे बोलणे यांतील भेद मुलांना समजतो. तो कोणी तरी एकदा नीट सांगावा लागतो. ‘माझे गाव मी येथे सांगत नाही’ हे वाक्य सभ्य आहे आणि पुरेसेही आहे. खोटे गाव सांगण्याचे कारण नाही.

मुलाने तेथे आपली ओळख काय म्हणून लिहिली आहे, ती त्याला वाचून दाखवायला सांगावे. हरकतीच्या सुरात नव्हे, कुतूहलाने. ते नाव का घेतले, त्या नावाला मंडळात कोण कोण ओळखते, कोणी कधी अडचणीत मदत केली का, असे विचारावे. जे कुंपणाबाहेर गेले असेल ते त्याच वेळी, शेजारी बसून, पुसून टाकता येईल. आणि जे राहील, त्यात आपल्याच मुलाविषयी आपण कधी न ऐकलेले एखादे वाक्य सापडण्याचा संभव पुष्कळ आहे.