आर.सी.ई.पी.: भारत बाहेर का राहिला?

आसियानचे दहा देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी आर.सी.ई.पी. या व्यापार गटाची बोलणी २०१२ साली सुरू झाली, तेव्हा भारतही त्यात होता. चीनचे पारडे फार जड होऊ नये म्हणून जपानचा आग्रह होता की भारताने यावे. देशात मात्र विरोध वाढला. न्यूझीलंडची दूध भुकटी स्वस्तात आली तर फलटण-भिलवडीच्या गवळ्याचे काय? चिनी कापड शुल्काविना उतरले तर विट्याचे माग चालतील कसे? अखेर ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने माघार घेतली. करार १ जानेवारी २०२२ पासून भारताविना लागू झाला.

आम्हा कापडवाल्यांना यात सवड मिळाली, सुटका नव्हे. २०११ साली भारताने बांगलादेशच्या तयार कपड्यांना शुल्कमाफी दिली. त्यांतले कापड पुष्कळदा चिनीच. उलट १ मे २०२२ पासून अमिरातीशी वेगळा करार लागू झाला व आपल्या कापडाला तेथे शुल्क उरले नाही. मात्र माल भारतीय असल्याचा दाखला जोडावा लागतो. दिल्लीत बोलणी होतात तेव्हा दूधवाले एकजुटीने बोलतात. आमचे मागवाले, शिलाईवाले, व्यापारी वेगवेगळे बोलतात. ही फूट आधी मिटवू या.