भिशीतला लिलाव आणि क्रिकेटचा

आमची भिशी लिलावाची. जिला नड जास्त, ती जास्त पैसे सोडते आणि भिशी उचलते. परवा मॅच बघताना धाकटा म्हणाला, "आई, क्रिकेट दाखवायचाही लिलाव होतो!"

मग मी बसून सगळं वाचून काढलं. २०१७ मध्ये आयपीएलच्या हक्कांसाठी बंद पाकिटं आली. इंटरनेटच्या हक्कांसाठी एकट्या फेसबुकने ३,९०० कोटी लावले होते. पण 'स्टार'ने टीव्हीसकट सगळंच मागितलं आणि १६,३४७ कोटींना उचललं. जून २०२२ मध्ये टीव्ही वेगळा, मोबाईल वेगळा असा ई-लिलाव तीन दिवस चालला. बेरीज झाली ४८,३९० कोटी! हे वसूल कुठून होणार? षटक संपलं रे संपलं की जाहिरात. म्हणजे शेवटी आपल्याच वाणसामानाच्या यादीतून की हो!

मला मात्र दुसराच आकडा महत्त्वाचा वाटला. जानेवारी २०२३ मध्ये बायकांच्या लीगचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले. एका मॅचला ७ कोटी ९ लाख. पुरुषांच्या मॅचला सुमारे ११८ कोटी. फरक केवढा! पण त्याआधी आपल्याकडे बायकांच्या लीगची वेगळी बोलीच लागली नव्हती. पुढच्याच महिन्यात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली.

आमच्या बचत गटातल्या एकीची मुलगी बॅटसाठी हटून बसली आहे. आई मला विचारत होती, "ताई, यात पोट भरतं का हो?" तिला मी हे सगळे आकडे एका कागदावर लिहून दिले.