आडनाव वेगळं असलेला मुलगा

कॅनडात ओंटारिओकडच्या कितीतरी घरांत पणजोबांविषयी एवढंच ठाऊक असतं, की ते लहानपणी एकटेच इंग्लंडहून आले आणि परक्याच्या शेतावर राबले. आईबापांचा विषय निघाला की ते गप्प बसत. १८६९पासून १९३०च्या दशकापर्यंत ब्रिटनमधून सुमारे एक लाख मुलं अशी कॅनडात धाडली गेली. मारिया राय, अ‍ॅनी मॅकफर्सन, डॉ. टॉमस बर्नार्डो यांच्या संस्था त्यात पुढे होत्या. इकडे गरिबांची पोरं सांभाळण्याचा खर्च, तिकडे शेतावर माणसांचा तुटवडा. दोन्ही प्रश्न एकाच बोटीने सुटत होते. यातली पुष्कळ मुलं अनाथ नव्हतीच. आईची संमती न घेता बर्नार्डोंनी काही मुलं परदेशी पाठवली. त्यांचा हेतू कितीही चांगला असो, याला उपकार म्हणता येणार नाही.

अशा पूर्वजाचा माग काढायचा, तर सुरुवात बोटीपासून करावी. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या मुलांची नावं शोधता येतील अशी सूची केली आहे. प्रवाशांच्या यादीत ही मुलं एका तुकडीने, एकाखाली एक सापडतात. बरोबर संस्थेचं नाव असेल, तर अर्धं काम झालं. मात्र स्पेलिंग चुकलेलं असतं, वय वर्ष-दोन वर्षांनी पुढेमागे असतं; त्यामुळे एका नोंदीवर भिस्त ठेवू नये.

पुढचा टप्पा जनगणनेचा. १९०१ किंवा १९११च्या पानावर शेतकरी, त्याची बायको, त्यांची मुलं अशी नावं येतात आणि अगदी शेवटी वेगळ्या आडनावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. नात्याच्या रकान्यात ‘नोकर’. शेजारी देशात आल्याचं वर्ष. ते बोटीच्या वर्षाशी जुळलं, की माणूस हाती लागला म्हणायचं.

पहिल्या महायुद्धात यातले हजारो तरुण सैन्यात गेले. भरतीच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहावं लागे. काहींनी तिथे इंग्लंडमधल्या बहिणीचं किंवा भावाचं नाव घातलं आहे, आणि वंशजांना त्या भावंडाचा पहिला पत्ता तिथेच लागतो.

सर्वांत मोलाची असते संस्थेची फाइल. बर्नार्डो संस्था वंशजांना शुल्क घेऊन जुन्या नोंदी शोधून देते. मूल दाखल का झालं, आई काय काम करत होती, घरभाडं किती थकलं होतं, असे तपशील तिच्यात मिळू शकतात. बऱ्याचदा दाखल झाल्या वेळचा फोटोही असतो.

 

फाइलमधून आईचं नाव मिळालं, की जन्मदाखला मागवता येतो. मग १८८१ आणि १८९१च्या ब्रिटिश जनगणनेत तेच घर शोधायचं. तिथे मागे राहिलेली भावंडं भेटतात, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं कदाचित आजही त्याच गावात राहत असतात.