पडद्यावरचे रक्तबीज

बंगळूरमधील एखाद्या मराठी घरात रात्री नऊच्या सुमारास पाने मांडली जातात, हाक जाते, आणि आतल्या खोलीतून उत्तर येते, “आई, एवढा एकच मारतो, मग आलो.” पंधरा मिनिटांनी पुन्हा हाक, उत्तर तेच. आईची समजूत होते की मुलगा खोटे बोलतो. वस्तुतः तो खोटे बोलत नसतो. त्याने तो ‘एक’ खरोखरच मारलेला असतो. परंतु मारलेला राक्षस तेवढ्या अवकाशात पुन्हा उठून आपल्या जागी उभा राहिलेला असतो. हा राक्षस कोण, तो राहतो कोठे, त्याला बुद्धी कितपत असते आणि मेल्यावर तो परत का येतो, एवढे समजून घेतले तर ह्या नित्याच्या तंट्याचे निदान अर्धे मूळ तरी हाती लागते.

ज्या खेळांत हे राक्षस आढळतात त्यांना ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम असे नाव आहे. त्यांत खेळणारा एखादे सोंग घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, तर कोणी जखमा भरून काढणारा वैद्य. अशी हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच कल्पित जगात वावरत असतात. एकाने आपले यंत्र बंद केले म्हणून ते जग थांबत नाही. त्यातील डोंगर, अरण्ये, बाजारपेठा जशाच्या तशा चालू राहतात. ह्या जगात माणसांच्या सोंगांखेरीज दुसरीही वस्ती असते. दुकानदार, पहारेकरी, लांडगे, सांगाडे, अजगर, राक्षस ही सारी मंडळी संगणक चालवीत असतो. ह्यांतील मारण्याजोग्या प्राण्यांना खेळाडूंच्या बोलीत ‘मॉब’ म्हणतात. झुंडीला इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून हा आलेला नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने १९७८ साली ‘मड’ नावाचा खेळ रचण्यास आरंभ केला आणि रिचर्ड बार्टल ह्याने तो पुढे नेला. त्या खेळात चित्र नव्हते. सारा व्यवहार अक्षरांनी चाले. त्यातील हालचाल करू शकणाऱ्या प्राण्यांना ‘मोबाइल’, म्हणजे चालते-फिरते, असे म्हणत. त्याचाच हा संक्षेप होय. आज ज्या वस्तूला आपण मोबाइल म्हणतो, तिच्यावरच हे मॉब पुन्हा येऊन वसले आहेत, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

ह्या प्राण्यांच्या अंगी बुद्धी किती? सर्वसाधारण श्रोत्याची कल्पना अशी की, संगणकाने चालविलेला शत्रू म्हणजे महाधूर्त असणार. १९९७ साली ‘डीप ब्लू’ ह्या यंत्राने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव ह्याला हरविले. २०१९ साली ‘डोटा २’ ह्या सांघिक खेळात यंत्राने जगज्जेत्या संघावर मात केली. तेव्हा न हरणारा शत्रू निर्माण करणे माणसाला अशक्य आहे असे नाही. पण अशा शत्रूशी रोज संध्याकाळी कोण खेळणार? खेळ रचणाऱ्याला हवा असतो तो शत्रू निराळाच. त्याने भीती घालावी, दमवावे, आणि अखेर पडावे.

ह्याचे एक जुने उदाहरण पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये तोरू इवातानी ह्यांनी १९८० साली ‘पॅक-मॅन’ हा खेळ केला. त्यात चार भुते खेळाडूचा पाठलाग करतात. एक भूत थेट मागे लागते. दुसरे खेळाडू ज्या दिशेला तोंड करून असेल त्या दिशेने चार घरे पुढची जागा धरू पाहते. चौथे दूर असले की चाल करून येते, पण आठ घरांच्या आत पोहोचताच मागे फिरून आपला कोपरा गाठते. शिवाय ठरावीक सेकंदांनी चारही भुते पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे वळतात आणि खेळाडूला श्वास घेण्यास उसंत मिळते. ही उसंत त्या भुतांना सुचलेली नाही. ती त्यांच्या कर्त्याने दिलेली आहे.

ऑनलाइन जगातील राक्षसाचे मन ह्याहून फारसे वेगळे नसते. त्याच्या आयुष्यात मोजक्या अवस्था असतात: उभे राहणे, फेऱ्या मारणे, पाठलाग करणे, लढणे, माघारी जाणे. कोणी ठरावीक अंतराच्या आत आले की पहिली अवस्था संपून पाठलागाची सुरू होते. पाठलागासाठी वाट शोधावी लागते. तिची रीत अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या हार्ट, निल्सन आणि राफाएल ह्या तिघांनी १९६८ साली एका चालत्या यंत्रासाठी काढली. ती समजण्यास बंगळूरचाच नकाशा घ्यावा. तेथील शिवाजीनगरहून सिटी मार्केटला जावयाचे तर सरळ रेषेत मध्ये कब्बन पार्क पसरलेला आहे. वाट शोधणारा प्रत्येक चौकात दोन आकडे मिळवितो, इथवर तोडलेले अंतर आणि इथून पुढचे अंदाजी अंतर, आणि ज्या चौकाची बेरीज सर्वांत कमी तेथून पुढे पाऊल टाकतो. राक्षस भिंतीला वळसा घालून नेमका आपल्यापुढे येतो तेव्हा खेळाडूला त्याची चतुराई वाटते. आत मात्र ही बेरीज चाललेली असते.

लढाई जुंपली की प्रश्न येतो, राक्षसाने कोणाला मारावे? समोर पाच-दहा माणसे आहेत. एक ढाल घेऊन पुढे उभा आहे, काही जण लांबून बाण सोडीत आहेत, आणि मागे वैद्य बसून सर्वांच्या जखमा भरीत आहे. शहाणा शत्रू आधी वैद्याला मारील. हा मारीत नाही. त्याच्यापाशी एक वही असते असे समजावे. ज्याने जितका घाव घातला, ज्याने जितके बरे केले, तितके गुण त्याच्या नावावर मांडले जातात आणि ज्याचे गुण सर्वाधिक, त्याच्यावर राक्षस तुटून पडतो. ढालकऱ्याला हे गुण मुद्दाम अधिक मिळावेत अशी सोय केलेली असते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या २००४ साली निघालेल्या विख्यात खेळात राक्षसाचे लक्ष आपल्याकडे ओढण्यास जवळून लढणाऱ्याला पहिल्याच्या वर दहा टक्के आणि लांबून लढणाऱ्याला तीस टक्के गुण अधिक व्हावे लागतात. खेळाडू ही वही मनात पाठ करतात. राक्षसाने एवढा धोपट स्वभाव सोडला तर पाच जणांनी मिळून लढण्याची सारी विद्याच नाहीशी होईल. त्याच्या पायात एक अदृश्य दावेही असते. आपल्या ठाण्यापासून फार दूर गेला की तो पाठलाग टाकून परततो आणि परतताच त्याच्या सर्व जखमा बऱ्या होतात.

कोकणातील दशावतारी खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ह्या प्राण्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. काळ्या वेषातला संकासुर पूर्वरंगात येतो, थयथयाट करतो, विष्णूच्या हातून मारला जातो आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी पुन्हा उभा राहतो. कर्नाटकातील यक्षगानात असुरांच्या भूमिकांसाठी ‘बण्णद वेष’ नावाची स्वतंत्र परंपराच आहे. तेथील रंगभूषेला कित्येक तास लागतात, आणि तो वेष शेवटी हरण्यासाठीच चढविलेला असतो. फरक एवढाच की संकासुराच्या मुखवट्याआड माणूस असतो. तो दमतो, आणि पहाटे खेळ संपतो.

पडद्यावरील असुराची रंगभूषा करणारे हातही पुष्कळदा बंगळूरचेच असतात. राजेश राव ह्यांनी ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था तेथे १९९७ साली उभी केली आणि पुढे परदेशी खेळांसाठी चित्रकाम करणारी संस्था म्हणून तिचे नाव झाले. २०१९ साली ती ‘रॉकस्टार गेम्स’ ह्या कंपनीने विकत घेतली. अशा चित्रशाळांतून प्रथम प्राण्याचे रेखाचित्र होते. मग लहान लहान त्रिकोण जोडून त्याचे शरीर घडवितात, त्यावर कातडीचे रंग चढवितात, आत हाडांचा सांगाडा बसवितात आणि त्या सांगाड्याला चालणे, धावणे, पडणे शिकवितात. पडणे शिकविताना विशेष कष्ट घेतले जातात, कारण खेळाडू तेच अधिक वेळा पाहणार असतो.

हे शरीर खेळाडूच्या यंत्रात असते. मन मात्र दूर असते. राक्षस कोठे आहे आणि त्याच्यात किती प्राण उरला आहे ह्याचा हिशेब सर्व्हर नावाचा मध्यवर्ती संगणक ठेवतो. तो कधी देशातच असतो, तर कधी सिंगापुरात. बंगळूर ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. तेव्हा जाऊन येण्यास सेकंदाचा निदान तिसावा भाग लागणारच, आणि प्रत्यक्ष केबल वळणांनी जात असल्यामुळे वेळ अधिकच लागतो. म्हणजे खेळाडू ज्याच्यावर वार करतो तो राक्षस किंचित भूतकाळातला असतो. ह्या व्यवस्थेचा घरातील तंट्याशी निकट संबंध आहे. जग दुसरीकडे चालू असल्यामुळे खेळाडूला ते क्षणभरही थांबविता येत नाही. “जरा थांबवून ये” ही आईची मागणी पत्त्यांच्या डावात चालते, येथे चालत नाही.

ह्या प्राण्यांना खऱ्याखुऱ्या सृष्टीचा नियम लावण्याचा प्रयत्नही एकदा झाला. १९९७ साली निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ ह्या खेळाच्या कर्त्यांनी अशी योजना केली होती की, सशांनी गवत खावे, लांडग्यांनी ससे खावेत, आणि भक्ष्य कमी झाले की मोठ्या श्वापदांनी वस्तीकडे वळावे. योजना सुरेख होती. परंतु खेळाडू आत शिरले आणि त्यांनी दिसेल तो प्राणी इतक्या झपाट्याने मारला की अन्नसाखळी उभी राहण्यास अवसरच मिळाला नाही. अखेर ती योजना काढून टाकावी लागली. माणूस नव्या अरण्यात शिरला की काय करतो, ह्याचा हा दाखला बोलका आहे.

नियम सोडून हे प्राणी काहीच जाणत नाहीत, ह्याचा प्रत्यय सप्टेंबर २००५ मध्ये आला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हक्कार नावाच्या एका महाराक्षसाला शत्रूंवर संसर्गजन्य शाप टाकण्याची शक्ती दिली होती. तो शाप त्याच्या मंदिरापुरता राहावा अशी अपेक्षा होती. परंतु खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो नगरांत आला. तेथील दुकानदार आणि पहारेकरी संगणकाचे. ते आजाराने मरत नसत, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो देत राहत. नगरांत प्रेतांचे खच पडले आणि चालकांना अखेर ती जगे बंद करून पुन्हा सुरू करावी लागली. २००७ साली ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक मासिकात लॉफग्रेन आणि फेफरमन ह्या संशोधकांनी ह्या घटनेवर लेख लिहिला, कारण भीतीने पळणारी, मदतीस धावणारी आणि खोडसाळपणे रोग पसरविणारी माणसे तेथे खरी होती.

आता राहिला पुनर्जन्माचा प्रश्न. आरंभी तो केवळ न्यायाचा होता. एकाने सकाळी रानडुक्कर मारले, तर दुपारी येणाऱ्याने काय करावे? म्हणून ठरावीक मिनिटांनी प्राणी पुन्हा उत्पन्न करण्याची चाल पडली. परंतु तिला दुसरी एक गोष्ट येऊन मिळाली. राक्षस मेल्यावर त्याच्याकडून काही वस्तू मिळते. बहुधा क्षुद्र, क्वचित दुर्मीळ. समजा, एखादी तलवार शंभरांत एकदा मिळते. शंभर राक्षस मारले म्हणजे ती मिळेलच असे मुलगा धरून चालतो. गणित तसे नाही. शंभर मारूनही शंभर खेळाडूंपैकी सुमारे सदतीस जण रिकाम्या हातांनी राहतात. दोनशे मारल्यावरही तेरा जण तसेच. आणि आजवर काही मिळाले नाही म्हणून पुढच्या राक्षसाकडून मिळण्याची शक्यता तिळमात्र वाढत नाही. काही खेळांनी अशा अभाग्यांसाठी सवलत ठेवली आहे, परंतु ती सर्वत्र नाही. बी. एफ. स्किनर ह्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की, दाणा दर खेपेस मिळण्यापेक्षा अनिश्चित खेपेस मिळाला तर पक्षी कळ अधिक चिकाटीने टोचीत राहतो. देवीने मारलेल्या रक्तबीजाच्या प्रत्येक थेंबातून नवा असुर निघे. ह्या नव्या रक्तबीजाच्या थेंबातून शंभरात एक तलवार निघण्याची आशा निघते, आणि खेळ चालविणाऱ्यांचे उत्पन्न खेळाडू किती काळ टिकून राहतो ह्यावर अवलंबून असते. त्याच्या निर्बुद्धपणाबद्दल कर्त्यांना धन्यवाद द्यावेत. त्याच्या अमरपणाकडे मात्र जरा सावधपणे पाहावे.

हा प्रश्न कित्येक घरांत तंट्यापलीकडे गेला आहे. बंगळूरच्याच निम्हान्स ह्या राष्ट्रीय मनःस्वास्थ्य संस्थेत २०१४ साली तंत्रसाधनांच्या अतिरेकी वापरासाठी ‘शट’ नावाचे स्वतंत्र उपचारकेंद्र निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि २०२२ च्या आरंभापासून अमलात आलेल्या रोगसूचीत ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. तिची लक्षणे अशी की, खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रस्थान देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. आणि हे सर्व साधारणपणे वर्षभर चाललेले असावे. रात्री जेवायला उशिरा येणारा प्रत्येक मुलगा ह्यात मोडत नाही, हे पालकांनी ध्यानात घेणे इष्ट होय.

सर्वच राक्षस एका वेळापत्रकाने उठत नाहीत, ही गोष्टही पालकांना ठाऊक असावी. रानातला लांडगा काही मिनिटांत परततो. परंतु ज्याच्याशी वीस-चाळीस जणांनी मिळून लढावे लागते असा महाराक्षस कित्येक खेळांत एकदा पडला की त्या खेळाडूंपुरता पुढच्या आठवड्यापर्यंत उठत नाही. ती लढाई काही मिनिटांची असते. तीतून एक जण मध्येच उठला तर उरलेल्यांचा घात होतो, आणि ती संपली की उठण्यास खरोखरच हरकत नसते. तेव्हा पाने मांडण्यापूर्वी आईने खोलीत डोकावून एवढेच विचारावे, “अरे, हा मिनिटांत उठणारा आहे की आठवड्याने?” मुलाला ह्याचे उत्तर नक्की माहीत असते.