फ्रॉक घातल्याने असे होते का?

गेल्या पावसाळ्यात जुहूच्या माझ्या दवाखान्यात एक जोडपे आले. बरोबर एकोणीस वर्षांचे लेकरू. त्याला बाहेर बसवून वडील हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, हिने लहानपणी त्याला फ्रॉक घालून, वेण्या घालून फोटो काढले. त्यानेच हे झाले का?" आई मान खाली घालून बसली होती. लेकराने घरी सांगितले होते, 'मी मुलगा नाही, मुलगी आहे.'

फ्रॉकने असे होत नाही. तसला फोटो माझाही आहे.

वाचकहो, येथे तीन गोष्टींची गल्लत होते. पहिली शरीराची. सुमारे सहा आठवड्यांपर्यंत मुलगा-मुलगी दोन्ही गर्भांच्या जननग्रंथी सारख्याच असतात. पुढे वाय गुणसूत्रावरील एका जनुकामुळे वृषणे तयार होतात आणि त्यांच्या हार्मोन्समुळे पुरुषाचे अवयव घडतात. या वाटेवर काही अडले तर बाहेरून नीट ओळखता येत नाही. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे मुलगी म्हणून वाढले. तपासणीत वाय गुणसूत्र आढळले आणि २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली.

दुसरी गोष्ट वेशाची आणि कामाची. बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरंदाज बायका करीत, पण रंग पुसला की ते नारायणराव राजहंसच. स्वयंपाकाची आवड असलेल्या मुलाला डॉक्टरकडे आणू नये.

तिसरी गोष्ट आतल्या जाणिवेची. या लेकराचे शरीर सर्वसाधारण होते. जाणीव मात्र निराळी. यामागे आनुवंशिकता आणि गर्भातील हार्मोन्स यांचा वाटा असावा असे संशोधक मानतात. एकच एक कारण सापडलेले नाही. संगोपनाने ही जाणीव घडवता येत नाही, हे मात्र कॅनडात दिसले. १९६५ साली जन्मलेल्या डेव्हिड रायमरचे जननेंद्रिय सुंतेच्या वेळी अपघाताने नष्ट झाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवले, हार्मोन्सही दिले. किशोरवयात खरे कळताच त्याने मुलगा म्हणून राहणे पत्करले.

"लग्न लावून दिले तर?" वडिलांनी विचारले. माझा आवाज चढला, चढायला नको होता. अशा लग्नात परक्या घरची पोर विनाकारण भरडली जाते. अंगारे-धुपारे नकोत, आणि 'बरे करून देतो' म्हणणारा डॉक्टरही नको. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१९ सालीच हा विषय मानसिक विकारांच्या यादीतून काढला.

मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मी दिली, ती लेकराची झोप उडाली होती आणि जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ते बोलले होते म्हणून. दुकानातून परस्पर हार्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत, रक्तात गुठळ्या होऊ शकतात, हेही बजावले.

उठताना आईने विचारले, "मग आता हाक काय मारू?" मी दार उघडून लेकराला आत बोलावले.