एकट्याच्या पहिल्या प्रवासात नेमकं काय कळतं?

पहिल्यांदा एकटं निघणाऱ्याला हल्ली सगळे एकच सांगतात: जा, स्वतःची ओळख होईल. ती आपोआप होते, हा पहिला गैरसमज. दुसऱ्याच्या रीलमधली ठिकाणं त्याच क्रमाने पाहून आलं, तर फार तर रील करणाऱ्याची आवड कळते. घरच्यांबरोबर फिरताना किती वाजता उठायचं, कुठे जेवायचं, किल्ला चढायचा की पायथ्याशीच बसायचं, हे तडजोडीने ठरतं. एकट्याला हे सगळं स्वतः ठरवावं लागतं आणि आवडीनिवडीचा पत्ता तिथेच लागतो. ‘समुद्र की डोंगर’ या ढोबळ प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही.

दापोलीहून गुहागरमार्गे गणपतीपुळ्याला जायची वाट यासाठी मला फार चांगली वाटते. दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठीची खाडी आणि तवसाळहून जयगडला जाताना शास्त्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडता येते. खाडी बघता बघता पार होते. वेळ जातो तो धक्क्यावर बोटीची आणि पलीकडे एसटीची वाट पाहण्यात. हा वेळ कुणाला जाच वाटतो, कुणाला तोच प्रवासातला सर्वांत सुखाचा भाग वाटतो. आपण यांतले कोण, हे घरात बसून ठरवता येत नाही. पुढच्या सहलीत दिवसाला एकच गाव ठेवायचं की चार, याचं उत्तर मात्र त्या धक्क्यावर मिळतं.

‘एकट्याने काय मजा?’ हा प्रश्न अनेक जण निघण्याआधीच स्वतःला विचारून बेत रद्द करतात. रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच तपासलं होतं. कलादालनात एकट्याने जायचं म्हटल्यावर लोकांनी मजा कमी येईल असा अंदाज केला. प्रत्यक्षात एकट्यांना आणि सोबतीने गेलेल्यांना जवळपास सारखाच आनंद मिळाला. तेव्हा खाणावळीत एकटं जेवायचा संकोच वाटला, तरी आपल्याला एकटेपण मानवत नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये.

राहण्याचं मात्र आधी पाहावं. ओळखपत्र असलेल्या सज्ञान व्यक्तीने एकट्याने खोली घेण्यात बेकायदा काही नाही. तरीही काही लॉजवाले, विशेषतः एकट्या बाईला, नकार देतात. फोनवर ‘मी एकटीच आहे’ असं स्पष्ट सांगून होकार घ्यावा.

सर्वांत पक्का गैरसमज असा, की जे आठवतं तेच आपल्याला आवडलेलं असतं. डेरिक वर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना सुट्टीआधी, सुट्टी चालू असताना आणि नंतर प्रश्न विचारले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आठवणीतली सुट्टी प्रत्यक्षातल्यापेक्षा अधिक रंगलेली निघाली. शिवाय तशीच सुट्टी पुन्हा घ्यावीशी वाटणं ठरलं ते आठवणीवरून. म्हणजे आठवणीवर विसंबलो, तर ज्याने तिथे दमवलं त्याच्याच मागे आपण पुन्हा धावू. म्हणून रोज रात्री दोन ओळी लिहाव्यात: आज कुठे रेंगाळावंसं वाटलं, कुठे घड्याळ पाहिलं, फोन कधी हातात घेतला. फोटो या कामाचे नाहीत. कंटाळ्याचा फोटो कोणी काढत नाही.

आणि पहिला प्रवास फसला, तर ‘आपण त्यातले नाही’ असं म्हणण्याआधी कारण शोधावं. दापोलीजवळच्या हर्णैच्या बंदरातला मासळीचा लिलाव पाहायला कोणी जुलैत गेलं, तर निराशाच होणार, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. रात्रभर बसने जाऊन सकाळी कडक उन्हात सुवर्णदुर्गासाठी होडीत बसलेला माणूस वैतागला, तर तो दोष झोपेचा असू शकतो. पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदलावी. तोच किनारा, तीच एसटी, पण महिना डिसेंबरचा. किंवा महिना तोच ठेवून मुक्काम सगळे दिवस गुहागरात. एकदम सगळं बदललं, तर कशामुळे बरं वाटलं ते कळणार नाही.