आधी माप, मग रंग

कोल्हापूरच्या आसपास जुनी राजदूत शोधायला निघालं की मिळते ती बहुधा दुधाची गाडी. किटल्या अडकवायला दोन्ही बाजूंना वेल्डिंग करून घेतलेले अँगल, मधोमध दबलेली सीट, मागचे शॉकअप पार बसलेले. एस्कॉर्ट्स कंपनीनं साठच्या दशकात ही गाडी फरिदाबादला बनवायला घेतली, ती पोलंडच्या ‘एसएचएल एम-11’ या मोटारसायकलीच्या आराखड्यावरून. 61 मिलिमीटर बोअर, 59.5 मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पावणेदोनशे सीसीला किंचित कमी. इंजिन टू-स्ट्रोक, गिअर तीन आणि ऑइल थेट पेट्रोलमध्येच मिसळायचं. 1973च्या ‘बॉबी’नं तिची छोटी बहीण जीटीएस पोरांच्या तोंडी बसवली. खेड्यात मात्र राजदूत टिकली ती ओझं ओढते म्हणून, आणि कुठल्याही तिकटीवरचा मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो म्हणून.

अशीच एक गाडी मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोलली. बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, रंग कुठला देणार? खरं तर रंग ठरवणं सगळ्यात सोपं. काय बदलायचं नाही, हे ठरवताना कस लागतो. सगळंच नवं घालायचं तर पैसा पुरत नाही, आणि बाजारातला नवा माल जुन्या मूळ भागापेक्षा बरा असेलच याची खात्रीही नसते. त्यामुळे डोळ्यांपेक्षा मापावर विसंबावं लागतं.

सुरुवात बोअरपासून. जुनी रिंग पिस्टनवरून उतरवायची, एकटीच बोअरमध्ये घालायची, पिस्टनच्या माथ्यानं ढकलून सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजची पाती घालून बघायची. मग तीच रिंग अगदी तळाशी नेऊन पुन्हा मोजायचं. तळाशी रिंग सहसा पोचत नाही, तिथला बोअर जवळजवळ मूळ मापाचा राहतो. वर मात्र उष्णता आणि स्फोटाचा दाब, त्यामुळे झीज तिथंच जास्त. दोन्ही फटींमधल्या फरकाला साधारण तीननं भागलं की व्यासातली झीज कळते, कारण फट परिघात मोजली जाते. माझ्या गाडीत हा फरक 0.45 मिलिमीटर भरला, म्हणजे बोअर 0.15नं मोठा झालेला. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

शिवाजी उद्यमनगरात बोअर करून देणाऱ्या मिस्त्रींना ब्लॉक दाखवला. ते म्हणाले, “नुसत्या रिंगा टाकून चालंल की ओ, कशाला खर्चात पडताय?” मी कागदावरचे आकडे पुढे केले. त्यांनी स्वतःचा डायल गेज आत घातला, वर-खाली, आडवा-उभा फिरवला. “मग कराय पायजे,” एवढंच बोलले. ब्लॉक पुढच्या ओव्हरसाइजला बोअर झाला, पण काम तिथं संपलं नव्हतं. टू-स्ट्रोकच्या बोअरला भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. नव्या कटामुळे त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. मिस्त्रींनी बारीक दगड हातानं फिरवत एकेका पोर्टाची धार मोडली आणि आपलं बोट आतून सरकवून बघितलं. “ही धार ऱ्हायली तर रिंग अडकून तुटती. मशीन ह्ये करत न्हाई.”

क्रँक मात्र मी उघडायला दिला नाही. कनेक्टिंग रॉड धरून वर ओढला, खाली दाबला, उभा खेळ अजिबात नाही. तो बाजूला थोडा हलतो, पण तेवढी मोकळीक मुळातच ठेवलेली असते. तिला घाबरून बरेच जण चांगला क्रँक प्रेसखाली घालतात.

ऑइल सीलच्या बाबतीत माप कामाचं नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि मग वर जातं. म्हणजे क्रँककेस हा इंजिनाच्या श्वासाचाच भाग, तो हवाबंद हवा. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक झालं तर जादा हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, गाडी तापते, मोकळ्यावर उगाच पळते. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं आणि सायलेन्सर पांढरा धूर ओकतो. रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं, म्हणून दोन्ही सील न मोजताच बदलली.

पॉइंटची फट साधारण 0.4 मिलिमीटर ठेवतात. ते नेमके कधी उघडतात हे बघायला सिगारेटचा पातळ कागद पुरतो. कागद दोन पॉइंटांमध्ये धरायचा आणि मॅग्नेट हातानं सावकाश फिरवायचा. कागद अलगद सुटतो ती ठिणगीची वेळ.

टाकी आतून गंजलेली. ॲसिडनं गंज जातो, पण सोबत चांगला पत्राही खाल्ला जातो. त्यापेक्षा धुण्याच्या सोड्याचं पाणी बरं. टाकी भरायची, बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला आणि धन तार आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला जोडायची. सळई पत्र्याला कुठंही टेकता कामा नये, आणि ती स्टेनलेसची नको. बुडबुडे येऊ लागतात, तांबूस फेस तोंडाशी जमतो. हा वायू हायड्रोजन, त्यामुळे हे काम उघड्यावरच करायचं आणि जवळ विडीकाडी नको. नंतर टाकी धुऊन, पूर्ण वाळवून लगेच ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवायचं, नाहीतर उघड्या पडलेल्या पत्र्यावर काही तासांत पुन्हा गंज धरतो.

पेट्रोलचीही नवी भानगड आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच उसाचं असलं तरी या गाडीच्या काळातल्या रबराला ते मानवत नाही. शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पेट्रोलची नळी मी इथेनॉल सोसणारी घातली, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करतो.

राहता राहिला रंग. पेंटरकडे चासी देण्याआधी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीचा छाप घ्या आणि त्या जागेवर चिकटपट्टी लावा. सँड ब्लास्टिंगनं अंक पुसट होतात, पावडर कोटिंगनं बुजतात, आणि नंबर वाचता आला नाही तर आरटीओत गाडी तिथंच अडते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021च्या नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपट्टी आणली. आरंभीच्या राजदूती आता त्यात बसतात. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. पंधरा वर्षांनंतरची साधी फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो, तरी मी तीच घेतली. एवढी मापं घेतली ती गाडी चालावी म्हणून. प्रदर्शनात उभी करायची असती, तर नुसत्या रंगावरही भागलं असतं.